खालचा तू सांग

मेजर कधीही पूर्ण बीपी सांगत नसत. पेशंटच्या दंडाला पट्टा बांधायचे, स्टेथोस्कोप कानात घालायचे, एका हातानं फुगा दाबायचे आणि दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर ठेवून काट्याकडं बघत म्हणायचे, "वरचा एकशे तीस. खालचा तू सांग." मग मी तोच पट्टा पुन्हा फुगवून ऐकायचं. माझ्या डोक्याचा नुसता भुगा व्हायचा. ज्याला वरचा कळतो त्याला खालचा का कळू नये?

कुंडलच्या त्या छोट्या दवाखान्यात मी लागले ती सांगलीत सहा महिन्यांचा कोर्स करून. तिथं आम्ही रबराच्या हाताला सुया टोचल्या होत्या, आणि रबराचा हात कधी 'आई गं' म्हणत नाही. मेजर फौजेत नर्सिंग असिस्टंट होते. निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. डॉक्टर मॅडमनी मला त्यांच्या हवाली केलं आणि त्यांनी आठ दिवस मला मशीनला हातच लावू दिला नाही. नुसती नाडी मोजायची. "आदी बोटांस्नी शाळंत घाल," म्हणायचे. 'मशीन खोटं बोलत न्हाई' असं सोमवारी सांगायचे आणि मंगळवारी 'मशीनवर इस्वास ठिवू नगंस.' मी वहीत दोन्ही लिहून घेतलं आणि दोन्हींखाली रेघ मारली. करणार काय!

एकदा बाहेर रांग वाढली होती. मला एका आजोबांचा खालचा नीट ऐकू आला नाही, म्हणून मी ठोकून दिलं, "ऐंशी." मेजर माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

"ऐकलंस?"

"हो."

"न्हाई ऐकलंस. ऐंशी लिवाय काय जातंय? समद्यांचा ऐंशीच आसतोय. ज्याचा नसतोय त्यो मरतोय. न ऐकलेलं लिवायचं न्हाई." आणि मला परत मोजायला लावलं. खालचा शंभर निघाला. स्टेथोस्कोप माझ्या कानात असताना यांनी माझं खोटं ओळखलं कसं, या विचारात मी तो दिवस घालवला.

बायका हळू आवाजात तक्रार सांगू लागल्या की मेजर मला म्हणायचे, "तूच ईचार तिला." मला वाटायचं, केवढा हा तोरा. बोलायचे मात्र परेडवर असल्यासारखे.

मग एक दिवस मॅडम सहज बोलून गेल्या, "वरचा नुसत्या नाडीवरूनही कळतो गं. खालच्याला कान लागतात." दुपारी मेजर पाठमोरे बसून बँडेज गुंडाळत होते. मी हाक मारली, "मेजर." पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ओरडले. त्यांचा हात तसाच चालू होता.

मॅडमना सांगावं तर ज्यानं हात धरून शिकवलं त्याची खुर्ची जाणार. न सांगावं तर एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव जाणार. मला रडूच आलं. शेवटी स्वतःची समजूत घातली, की मी आहे तोवर खालचा बरोबर आहे. नि एवढं ठरवते न ठरवते तोच पाटणला मावसबहिणीचं लग्न निघालं. मीही गेले. मांडवात हातात अक्षता घेऊन उभी असताना आठवलं, आज तपासणीला एक सात महिन्यांची पोटुशी येणार. तिचा खालचा कोण सांगणार? अक्षता टाकायच्या राहिल्याच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत आले. मॅडमच्या टेबलावर रजिस्टर उघडं होतं. एकोणीस नावं, प्रत्येकापुढं वरचा आकडा, आणि खालच्याची जागा कोरी.

"मेजरनी एकेकाला हाताला धरून माझ्यापुढं आणलं," मॅडम म्हणाल्या. "दर वेळी एकच, 'खालचा मला घावत न्हाई, तुमी बगा.' मी चिडले, तेव्हा खरं काय ते सांगितलं. तोफांनी कान गेलेत म्हणे." खालचे आकडे मॅडमनी केसपेपरवर लिहिले होते; त्या पोटुशीचा एकशे दहा होता. तिला तातडीनं सांगलीला हलवलं होतं, आणि पुढं बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप घरी आली.

मॅडमनी मेजरना मलमपट्टीचं काम देऊ केलं. ते नको म्हणाले. "पहाऱ्यावरच्याला ऐकाय याय पायजे."

त्यांचं गाव विट्याच्या पलीकडं. त्यांची पिशवी घेऊन मी थांब्यापर्यंत गेले. त्यांनी आपला स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात घातला. समोरून विचारायचा मला धीर झाला नाही. ते पाठमोरे एसटीची पायरी चढू लागले तेव्हा म्हटलं, "मेजर, मला शिकवत होता, का माझे कान वापरत होता?" ते वळले नाहीत. खिडकीत बसल्यावर हसले आणि हात हलवला. ते कशाला हसले, मला अजून कळलेलं नाही.

आता माझ्या हाताखाली पलूसची एक मुलगी आली आहे. काल तिच्यासमोर मी एका बाईंचं बीपी घेतलं. दोन्ही आकडे मला स्वच्छ ऐकू आले. मग मी तिच्या तोंडाकडं बघत म्हटलं, "वरचा एकशे चाळीस. खालचा तू सांग."

तिनं गोंधळून पट्टा पुन्हा फुगवायला घेतला.