माझ्या मृत्युपत्राला साक्षीदार मिळेना

वाचून झाल्यावर 'असं अभद्र बोलू नका' असं मला कुणी लिहू नका. आज मी मृत्युपत्र करून आले. तब्येत ठणठणीत आहे, म्हणूनच केलं.

माझे वडील काहीच न लिहिता गेले. मंद्रूपच्या शेतावरून माझे दोन्ही भाऊ आजही एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. माझ्या मुलाचं आणि मुलीचं असं होऊ द्यायचं नाही, हे माझं तेव्हाच ठरलं होतं.

अडलं ते साक्षीदारांपाशी. दोघं लागतात, आणि वकील म्हणाले, ज्यांना वाटा मिळणार त्यांची सही नको. माझी जुनी मैत्रीण लगेच तयार झाली. शेजारच्या महानंदाला काल विचारलं, तर ती दारातूनच म्हणाली, "बाई, लई अशुभ हाय. मी सही केली आन् तुमाला काय झालं म्हंजे?" मी वाद घातला नाही. फक्त भावांचं सांगितलं आणि घरी आले.

आज निघताना बघते तर ती वाटी घेऊन दारात उभी. परीक्षेला निघालेल्या पोरांना देतात तशी तिनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि चपला घातल्या. "चला, करती सही."

येताना रिक्षात, शुक्रवार पेठ आल्यावर ती म्हणाली, "ते वकील उद्या असतेत का हो? मला बी दोन पोरं हायत की."

उद्या तिची साक्षीदार मी आहे. तुमचा कोण असेल?