दगडावर उभा असलेला इम्तियाज

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. कॉलेजात असताना हॉस्टेलच्या मुली भुताच्या गोष्टी सांगायला बसल्या की मी पांघरूण घेऊन झोपून जायचे. आजही कुणी अंगात आल्याचं वगैरे सांगितलं तर पटत नाही. पण हे मी स्वतः पाहिलंय, भर सकाळी, पूर्ण शुद्धीत... आणि माझ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसानेही पाहिलंय.

गोष्ट २००७-०८ च्या आसपासची. कोलाडला राफ्टिंग नुकतं सुरू झालं होतं आणि मी तिथल्या एका कॅम्पवर गाईड होते. इम्तियाजही तिथेच. तो महाडचा, घरचा टेम्पोचा धंदा, पण जीव पाण्यात. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं आपापल्या कायाक टेम्पोत टाकून नवीन ओढे शोधत फिरायचो. कायाक म्हणजे एका माणसाची बंदिस्त होडी. कमरेपर्यंत आत बसायचं आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं.

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालं की आंबेनळी घाट चढायच्या आधी उजव्या हाताला एक पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, सावित्री नदीला येऊन मिळतो. नाव मुद्दाम देत नाही, उगाच कुणी तिकडे जायला नको. उतार भयंकर, लागोपाठ चार धबधबे. गणपततात्या म्हणून एका शेतकऱ्याच्या बांधावर आम्ही टेम्पो लावला. संध्याकाळी पूर्ण पऱ्या काठाने चालून पाहिला, प्रत्येक धबधब्याखालचा डोह तपासला. झाड पडलेलं नाही ना, हे सगळ्यात आधी बघायचं असतं. पाणी फांद्यांमधून निघून जातं, माणूस अडकतो. चारही डोह स्वच्छ होते.

सकाळी नऊच्या सुमारास उतरलो. पाणी कालच्या संध्याकाळपेक्षा वीतभर वर आलं होतं, डोंगरावर पाऊस झाला असणार. पुन्हा एकदा चालून बघायला हवं होतं. मी तसं म्हणालेही, पण इम्तियाज म्हणाला, "काल तर बघितलं ना सगळं. चल, ऊन आहे तोवर उरकू." आणि मी ऐकलं.

पहिले दोन धबधबे मजेत गेले. गणपततात्या डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन काठाकाठाने आमच्याबरोबर चालत होते. त्यांना करमणूक हवी होती.

तिसरा दोन पुरुष उंचीचा. त्याच्या वरच्या अंगाला एका खडकामागे शांत पाणी होतं, तिथे मी थांबले. ठरलेलं असं की इम्तियाज आधी जाणार, खाली डोहाच्या डाव्या बाजूला मोठा काळा दगड आहे त्यावर चढणार आणि मला खूण करणार. वल्हं उभं धरलं तर ये. डोक्यावर आडवं धरलं तर थांब. मी बसले होते तिथून डोह दिसत नव्हता, फक्त त्या दगडाचा माथा दिसायचा.

इम्तियाज कायाकसकट धबधब्याच्या कडेवरून खाली गेला. मिनिटभरात दगडावर दिसला. पिवळं हेल्मेट, लाल जाकीट, दोन्ही हात वर आणि वल्हं आडवं.

थांब.

मी थांबले. वाटलं, खाली काहीतरी अडचण आहे, करेल हा मोकळी. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. तो हलेना. इम्तियाजला ओळखणारा कुणीही सांगेल, हा माणूस चहा येईपर्यंतसुद्धा एका जागी बसत नाही. मी शिट्टी वाजवली. उत्तर नाही. उतरून बघावं असं वाटत होतं, पण खूण थांबायची होती, आणि पाण्यात खूण मोडायची नसते हे आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला शिकवायचो.

तात्या माझ्या बाजूलाच काठावर उभे होते, डोह त्यांनाही दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, "काय गो बाय, तुझा जोडीदार किती वेळ हात वर करून हुबा ऱ्हाणार? खांदं दुखत नाय काय त्याचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतका वेळ डोक्यावर वल्हं धरून कुणी उभं राहूच शकत नाही.

मी खाली बघून कमरेभोवतीचं कायाकचं रबरी झाकण ओढून काढलं. वर बघितलं तर दगड रिकामा.

कायाक तशीच खडकावर ओढली, दोराची पिशवी घेतली आणि काठाने पळत सुटले. तात्या मागोमाग. खाली पोचले. एक आख्खं किंजळीचं झाड मुळांसकट वाहून येऊन धबधब्याच्या पायथ्याशी आडवं अडकलं होतं. इम्तियाजची कायाक त्याच्या खाली दाबली गेली होती. खोडामागे हातभर पोकळी होती, तिथे त्याचं तोंड तेवढं पाण्याबाहेर. ओठ निळे पडलेले.

मी कमरेला दोर बांधून खोडावर उतरले. दुसरं टोक तात्यांनी एका झाडाला गुंडाळून धरलं. दुसऱ्या दोराचा हूक इम्तियाजच्या जाकिटाला लावला आणि टोक तात्यांकडे फेकलं. "वडू काय?" तात्या विचारत होते, आणि मी सांगत होते, "थांबा... थांबा... आता." तिसऱ्या झटक्याला तो निघाला. खांदा निखळला, पण निघाला.

महाडच्या दवाखान्यात खांदा बसवल्यावर मी त्याला विचारलं, "दगडावरून परत पाण्यात कसा पडलास?"

"कुठला दगड?" तो म्हणाला. "मी खाली आलो तो थेट झाडात. वल्हं तिथेच तुटलं."

ते खरंच होतं. वल्ह्याचे दोन्ही तुकडे नंतर तात्यांना त्याच झाडाच्या फांद्यांत सापडले.

मी सगळं तपासून पाहिलंय. तुषारांतून भास झाला म्हणावं, तर तात्यांना आठवड्याने जाऊन विचारलं, काहीही न सुचवता, की तुम्ही काय पाहिलंत. ते म्हणाले, "पिवळी टोपी, तांबडं जाकीट, वल्हं आडवं." तिथे पूर्वी कुणी बुडालं होतं का, हेही विचारलं. तात्या म्हणाले, "माझ्या आठवणीत तरी नाय. गुरं गेली असतील वाहून, माणूस नाय."

कुणीतरी म्हणेल, इम्तियाजनेच मनातून तुला थांबवलं असेल. मीही हेच म्हणाले होते त्याला. तो म्हणाला, "खरं सांगू का स्मिता, मला तुझी आठवणसुद्धा नव्हती. टेम्पो मामूंचा, त्याची किल्ली माझ्या खिशात होती. ती वाहून गेली तर मामू काय म्हणतील, एवढंच डोक्यात घुमत होतं."

लोक म्हणतात, त्या दगडावरच्या 'कुणीतरी'ने मला वाचवलं. खूण नसती तर मी त्याच धबधब्यावरून इम्तियाजच्या डोक्यावर जाऊन पडले असते, हे खरंच आहे. पण दगडावर कुणी दिसलंच नसतं तर? मिनिटभरात खूण आली नाही तर काठाने चालत जाऊन बघायचं, हाही आमचाच नियम होता. मी दोन मिनिटांत त्याच्यापाशी पोचले असते. तो तिथे उभा होता म्हणून मी बसून राहिले, आणि खाली इम्तियाज एकेक श्वास चोरून घेत होता.

इम्तियाज आता कुवेतला असतो. पाण्यात उतरत नाही. ईदला फोन येतो, तेव्हा नव्या माणसांना तो माझी ओळख करून देतो, "हीच ती. मी अडकलो आणि ही लगेच धावत आली."

लगेच नाही. निदान आठ मिनिटं मी तिथे बसून होते. त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही. आणि मला कोणी बसवून ठेवलं होतं, का ठेवलं होतं, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.