खडकीतला समुद्र

पुण्यात समुद्र नाही असं समजणाऱ्यांनी एकदा खडकीला आमच्या काकांकडे यावं. समुद्र दिसेल, आणि बघायला आल्याचा पश्चात्तापही होईल. काकांइतका तिरकस माणूस आणि त्यांच्या समुद्राइतका लाडावलेला समुद्र अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल, असं मी पैजेवर सांगतो. मी सहसा पैज लावत नाही, कारण हरल्यावर काय बोलायचं ते मला सुचत नाही.

काका म्हणजे मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहतो ते घरमालक. दारूगोळा कारखान्यात ते तयार झालेले सुटे भाग मोजायचे आणि केसभर फरक निघाला तरी नापास करायचे. निवृत्तीनंतर नापास करायला भाग उरले नाहीत, म्हणून त्यांनी माणसं घेतली. तिरकस बोलण्याचा मक्ता सदाशिव पेठेकडे आहे, असं मी गावाकडे ऐकून आलो होतो. काकांना तसं सांगितलं तर म्हणाले, "ते लोक पाट्या लावतात. आम्ही तोंडी माल देतो." हॉलमध्ये बुद्धाची शांत मूर्ती आहे आणि तिच्याखाली काकांची खुर्ची. वर मैत्री आणि करुणा, खाली काका.

मी माण तालुक्यातला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि समुद्र मी पाहिलेला नव्हता. मी राहायला आलो त्याच आठवड्यात काकांनी हॉलमधलं आपल्या मुलीचं अभ्यासाचं टेबल माझ्या खोलीत ढकललं आणि त्या जागी खाटेएवढी काचेची टाकी ठेवली. मग समुद्र तयार करणं सुरू झालं. नळाचं पाणी चालत नाही म्हणून ते गाळायच्या यंत्रातून जायचं. एक बादली पास व्हायची आणि तीन नापास. नापास बादल्या मोरीत जायच्या, आणि आमच्याकडे तर उन्हाळ्यात टँकर येतो. मी त्या बादल्या न विचारता खाली नेऊन बदामाच्या झाडाला घालू लागलो. काका गॅलरीतून बघायचे. "समुद्र आम्ही करतोय आणि पुण्य हा घेतोय," असं त्यांनी काकूंना मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

पाण्यात खास समुद्राचं मीठ मोजून पडलं, सच्छिद्र दगड बसले, पंप लागले, आणि त्यानंतर कित्येक आठवडे काहीच झालं नाही. आधी पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढावे लागतात, ते माशांची घाण पचवतात. त्याआधी मासा सोडला तर तो मरतो. काका रोज खुर्ची घेऊन त्या रिकाम्या पाण्यासमोर बसायचे. काकू म्हणायच्या, "लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा इतका वेळ बसले असते तर दोघांचंही भलं झालं असतं." शेजारचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, पाण्यात काही दिसत तर नाही. काका म्हणाले, "तुमच्या डोक्यातही दिसत नाही. आम्ही आशा सोडली का?" ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी, मदत म्हणून, घरातल्या मिठाची पिशवी घेऊन आले. काकांनी ती घेतली आणि काकूंना सांगितलं की वरण वाढवा, समुद्राला आहेर आलाय.

शेवटी मासे आले. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी, आणि दगडाला चिकटवलेले प्रवाळाचे दोन-तीन तुकडे. माशांना खायला घालताना काका त्यांनाही सोडायचे नाहीत. "या. आलात? उपकार झाले." मासे लगबगीनं काचेपाशी यायचे. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. पंप बंद, म्हणजे माशांचा श्वास बंद. आम्ही तिघांनी आळीपाळीनं मगानं पाणी वर उचलून पुन्हा टाकीत सोडायला सुरुवात केली. माझा खांदा भरून आला तेव्हा काका म्हणाले, "वर्गात एवढा हात वर केला असतास तर मास्तरांना तुझं नाव तरी कळलं असतं."

हे मला फार लागलं, कारण ते खरं होतं. शिवाय पहिले काही दिवस काका माझ्याशी अतिशय गोड वागले होते: या, बसा, आपलंच घर समजा. मग हळूहळू टोमणे सुरू झाले आणि त्या गुरुवारनंतर मी दुसरी खोली बघायचं ठरवलं. काकूंना चाचरत तसं सांगितलं तर त्या पोळी लाटता लाटता हसल्या. म्हणाल्या, "अरे, ते टोचून बोलले म्हणजे तू घरचा झालास. गोड बोलतील तेव्हा घाबर." आणि ते खरंच तसं होतं. ज्या दुकानदारानं आजारी मासा गळ्यात मारला त्याला काका हात जोडून म्हणाले होते, "आपलं दुकान फार छान आहे." पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

म्हणूनच रविवारचा फोन मला ऐकवायचा नाही. काकांची एकुलती एक मुलगी, मी तिला ताई म्हणतो, शिकायला जर्मनीला गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि तिथेच कायमचं राहायचं ठरवून मग तिनं घरी कळवलं. त्याच वर्षी ते टेबल हॉलमधून हललं होतं. दर रविवारी काका फोन कानाला लावून म्हणायचे, "नमस्कार. तब्येत ठीक ना? छान. काही लागलं तर जरूर कळवा." पलीकडून ताईचा आवाज यायचा, बाबा, असं नका ना बोलू. काका पुन्हा एकदा छान म्हणून फोन काकूंकडे द्यायचे आणि पाण्याचा खारटपणा मोजायला जायचे, सकाळीच मोजलेला असला तरी.

ताईला बाळ होणार असल्याची बातमी आली तेव्हा काकूंनी दोघांची तिकिटं काढायला सांगितली. काकांनी विचारलं, समुद्र कोण बघणार? काकू म्हणाल्या, "तुम्ही नव्हतात तेव्हाही समुद्र होताच." पण काका हलेनात. लग्नकार्यं, बारशी, सगळी या टाकीपायी चुकवलेला माणूस तो. भांडी लावताना काकू मला हळूच म्हणाल्या, "मी एकटी गेले तर हे त्या बाळालाही फोनवर नमस्कार, तब्येत ठीक ना, असंच विचारतील."

त्या दिवशी जेवताना मी ताटाकडे बघत म्हणालो, "मी बघीन टाकी."

"कोण बोललं? कुकर?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हा? हा माशांना दाणे टाकायच्या आधी त्यांची परवानगी मागेल."

मला बरं वाटलं. नापास करायचं असतं तर ते छान म्हणाले असते.

जाताना त्यांनी मला सगळं पुन्हा समजावलं. टाकीतलं पाणी उडून जातं पण मीठ मागेच राहतं, म्हणून रोज वरून गाळलेलं गोडं पाणीच घालायचं, खारं नाही. गाडी खाली उभी असताना ते एकदा परत वर आले आणि माशांना म्हणाले, "चाललो. आता सुखानं राहा." मासे दगडामागे गेले ते गेलेच.

मी त्यांना जेवायला बोलावत होतो. या ना, थोडंसं खाऊन घ्या, असं म्हणत होतो. मी जितकं अदबीनं बोलवायचो तितके ते आत सरकायचे. काका पोचल्यावर त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझा चेहरा पाहूनच ते म्हणाले, फोन काचेला लाव. मी लावला. "काय राव, उपास? कोणत्या देवाचा?" पाण्यात तो आवाज पोचला की माशांना भूक असह्य झाली होती, मला ठाऊक नाही, पण एक केशरी तोंड दगडाआडून बाहेर आलं. तेवढ्यात पडद्यावर मागून ताई आली. तिनं काकांच्या हातात कप दिला. काकांचं सगळं लक्ष माशाकडे. एक घोट घेतला आणि नजर न हलवता ते म्हणाले, "हा चहा? एवढ्या पाण्यात मी दोन मासे पाळले असते."

काकांनी कप खाली ठेवला. ते आता माशाकडे बघत नव्हते.

"आवडत नसेल तर उठा आणि स्वतः करा," ताई म्हणाली. "समुद्र ओलांडून आलात, स्वयंपाकघरापर्यंतही चालाल." शेवटचा शब्द तिला नीट म्हणता आला नाही. फोन कलंडला आणि मला जर्मनीतलं एक छत दिसू लागलं. त्या छताखालून काकूंचा आवाज आला, "ठेव रे फोन. मासा जेवला ना?" मी पाहिलं. जेवला होता.

काकांचं परत येणं त्यानंतर दोनदा पुढे गेलं आहे. बाळ आता चांगलं रडतं आणि काका त्याला कारखान्याचा भोंगा म्हणतात, असं काकू सांगतात. इथे पंपाचा बारीक आवाज असतो, बुद्धाखालची खुर्ची रिकामी असते, आणि दिवसभर मला कुणी नापास करत नाही. संध्याकाळी मी गोडं पाणी घालतो, नापास बादल्या झाडाला नेतो, आणि वर येऊन दाण्यांचा डबा उघडतो. काल आधी दार लोटलंय ना ते पाहिलं. मग काचेजवळ तोंड नेऊन, जमेल तितक्या कोरड्या आवाजात म्हणालो, "या. आलात? उपकार झाले."

दोघेही आले.