पान कापलेलं नव्हतं

उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला लागलो तेव्हापासून आमच्या कॉलेजात डोळ्यांची तक्रार नसलेला प्राध्यापक उरला नाही. परीक्षा संपल्या की दारव्ह्याहून आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं यवतमाळच्या मूल्यांकन केंद्रावर जायचो, मी आणि वनस्पतिशास्त्राचे सर. सर माझ्याहून बरेच मोठे, निवृत्तीकडे झुकलेले. दिवसभर समोर पोरांची स्कॅन केलेली अक्षरं. काही फिकट, काहींत मागच्या पानाची शाई पुढं उतरलेली. दुपारपर्यंत डोळ्यांत रेती गेल्यागत व्हायचं.

"मॅडम, हे मशीन डोळे खाऊन राह्यलं आपले," सर म्हणायचे आणि शर्टाच्या खिशातून थेंबांची बाटली काढायचे. मेडिकलवाल्यानं दिलेली. एक थेंब टाकला की लाली उतरायची, थंड वाटायचं. सरांचं पाहून मीही तीच आणली. पण मी आठवण झाली तरच टाकायचे. सरांना पुढं पुढं परीक्षा नसतानाही रोज लागायला लागली. ऑनलाइन माहिती भरणं, हजेरी, अहवाल, सगळं स्क्रीनवरच होतं.

मग एका उन्हाळ्यात, केंद्रावर, सरांनी मला हाक मारली.

"मॅडम, इकडं या जरा. कापून स्कॅन केलं का हे? डाव्या बाजूचे प्रश्न क्रमांकच नाही येत."

मी वाकून पाहिलं. पान पूर्ण होतं. समासात क्रमांक ठळक लिहिलेला होता. मी त्यावर बोट ठेवलं.

"हा काय सर, इथं."

सरांनी मान वळवून माझ्या बोटाकडे पाहिलं. "हो. आता दिसला." मग नजर पुन्हा उत्तरावर नेली आणि हळूच म्हणाले, "गेला."

त्याच आठवड्यात मी त्यांच्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. सरांच्या पत्नी, काकूही आल्या होत्या. आतल्या अंधाऱ्या खोलीत एका यंत्रावर हनुवटी टेकवायची आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं, अशी तपासणी होती. आम्ही दोघी दाराबाहेर बसलो. बटणाची टकटक ऐकू येत होती. मग बराच वेळ ती आलीच नाही. काकूंनी माझा हात धरला.

डॉक्टरांनी विचारलं, कुठले थेंब टाकता? सरांनी खिशातली बाटली पुढं केली. डॉक्टरांनी ती फिरवून वाचली आणि टेबलावर ठेवली.

"यात स्टेरॉइड आहे. काही जणांना यानं डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू झालाय."

"पण दुखत तर नव्हतं तेवढं," सर म्हणाले. "थकव्याचं जे दुखायचं तेच."

"दाब असा हळू वाढला की तो दुखत नाही."

"औषधानं परत येईन ना नजर?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांनी सरांकडे पाहूनच उत्तर दिलं. गेलेली येत नाही, उरलेली सांभाळायची.

बाहेर रस्ता ओलांडताना काकू सरांच्या डाव्या हाताला गेल्या. माझ्या पर्समध्ये तीच बाटली होती. ती मी बसस्टँडवरच्या कचऱ्यात टाकली. पुढं मीही तपासून घेतलं. माझा दाब ठीक निघाला. डोळे नुसते कोरडे पडलेत म्हणाले, स्क्रीन कमी करा. ते माझ्या हातात नव्हतं.

सरांची शस्त्रक्रिया झाली. तरी नजर आकसत गेली. माळावर पोरांना घेऊन वनस्पती ओळखायला जाणं थांबलं, मग कॉलेजही. त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

यंदा उत्तरपत्रिकांची तपासणी सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्या घरी गेले होते. काकू चहा ठेवत होत्या. सर वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरून बसले होते. मी विचारलं, वाचता येतंय का सर?

"अक्षर दिसते मॅडम," ते म्हणाले. "ओळ नाही दिसत."

त्यांनी पेपराची घडी घातली आणि कॉलेजातल्या कुणाकुणाची चौकशी केली. मी सगळ्यांचं सांगितलं. केंद्राचं मात्र त्यांनी विचारलं नाही.