अण्णांचं स्टिअरिंग, व्हाया परंडा आणि तामलवाडी

ही सहल भांडणातून ठरली, त्यामुळे निघतानाच्या उत्साहाचं वर्णन इथे मिळणार नाही. माझे वडील, अण्णा, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याकडे एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन दारं, दोन सीटा, इंजिन पाठीमागे, आणि बटण दाबलं की पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. गावाकडे तिला बेडकीच म्हणतात. रिटायर झाल्यावर लोक प्लॉट घेतात, अण्णांनी ही घेतली. गेलं वर्षभर त्यांची एकच तक्रार होती: नव्वदच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हलकं होतं, हाताला काही लागतच नाही. पुण्यातल्या दोन गॅरेजवाल्यांनी गाडी चालवून पाहिली आणि काही नाही म्हणाले. दुसऱ्याने मला बाजूला घेऊन काकांचं वय विचारलं.

मग बंगळुरूहून माझ्या धाकट्या भावाचा, सुधीरचा फोन. "ताई, नाचता येईना अंगण वाकडं, असं झालंय अण्णांचं. किल्ली काढून घे, गाडी विकून टाकू." फोन स्पीकरवर होता आणि अण्णा शेजारीच वाटाणे सोलत बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "गाडीत काही न्हाई निघालं तर मीच किल्ली देतो. पण एकदा गावाकडं जाऊन येऊ. ते तिकडंच होतंय, पुण्यात न्हाई होत." मला साठलेल्या रजेत फक्त झोपायचं होतं. पण माणूस असं बोलल्यावर काय करणार, रजा टाकली.

सौदा असा ठरला की एक पट्टा अण्णा चालवणार, पुढचा मी. दोघांनाही हलकं लागलं तर दोष गाडीचा, एकट्या अण्णांना लागलं तर त्यांचा.

पहाटे निघून सोलापूर हायवेने टेंभुर्णी गाठली, तिथून आत वळून कुर्डुवाडीमार्गे परंडा. हायवे उत्तम आहे, फक्त भिगवणच्या पुढे नाश्ता करून घ्या, नंतर भूक लागेल तेव्हा हॉटेल दिसत नाही. बेडकी शंभरला सुतासारखी सरळ जात होती. अण्णांच्या हातात सरळ, माझ्या हातात सरळ. मी दर थोड्या वेळाने विचारायची, "हलकं लागतंय का?" ते म्हणायचे, "आज बरी हाय," आणि तोंड पडायचं. गाडी बिघडलेली नाही म्हणून उदास झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. कुर्डुवाडी ते परंडा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या इतक्या होत्या की वेगाचा प्रश्नच उरला नाही.

परंड्याचा किल्ला गावाच्या कुशीतच आहे, गाडी अगदी जवळपर्यंत जाते. भोवती खंदक, आत बुरुजांवर तोफा. मार्चमध्ये जात असाल तर सकाळी जा, आम्ही दुपारी गेलो आणि दगड तापून निघाले होते. अण्णा एका तोफेजवळ सावली शोधून बसले. "हिचं तोंड एकदा वळवलं की वळवलं," ते म्हणाले, "हिला हलकं-बिलकं काय न्हाई." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मुक्काम बसस्टँडजवळच्या साध्या लॉजवर केला. चादरी स्वच्छ, पंख्याचा आवाज मोठा. झोप अर्धवटच झाली.

दुसऱ्या दिवशी बार्शीवरून धाराशिव. घाटाआधी रस्त्याचं काम चालू होतं, एवढ्या खाली टेकलेल्या गाडीला प्रत्येक खडा लागतो. धाराशिवात एका अलाइनमेंटच्या दुकानात गाडी लावली. इरफानभाई म्हणून मालक. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, पुढची चाकं दोन्ही हातांनी धरून वर-खाली, आडवी हलवली, बॉल जॉइंट पाहिले, स्टिअरिंगचे रॉड पाहिले. नंतर मशीन लावून चाकांचा कोन तपासला. एका चाकात किंचित फरक होता, तो काढला. "यानं एवढं व्हायचं न्हाय काका," ते म्हणाले. "प्ले कुठंच न्हाय, समदं घट्ट हाय. लई जपलेली गाडी हाय." एरवी अण्णांना हे कौतुक गोड लागलं असतं. त्या दिवशी ते दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

मी खव्याचे गरम गुलाबजाम आणले (धाराशिवात आलात तर हे चुकवू नका) आणि शेजारी बसले. ते म्हणाले, "म्हणजे माझंच हाय तर." मी म्हटलं, "अजून परतीचा रस्ता आहे." पण खरं सांगते, माझ्या मनाने तोवर निकाल दिला होता. सुधीरला काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, याची जुळवाजुळव मी करायला लागले होते. त्या दिवशी दमल्यासारखं फार वाटलं, आणि ते ड्रायव्हिंगमुळे नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तुळजापूर. दर्शनाला मंगळवार, शुक्रवार टाळा, बाकी दिवशी रांग सोसते. मग घाट उतरून तामलवाडीला, अण्णांच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या सुमनआत्याकडे. शेत रस्त्यापासून थोडं आत आहे. ज्वारीची मळणी नुकतीच झालेली, अंगणात कडब्याचा वास. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी. जेवून मी ओट्यावर आडवी झाले ती बाहेरच्या आवाजानेच उठले. आत्या आणि तिचा सालगडी मिळून बेडकीच्या डिकीत ज्वारीचं पोतं बसवत होते.

"आत्या, केवढं ते? दोनच माणसं आहोत आम्ही."

"रिकामी गाडी लावून देऊ व्हय? माहेरचं माणूस दारात आल्यावर?" आत्या म्हणाली. "दर खेपेला नेतंय की तुझा बाप. तुला म्हाईत न्हाई, तू कवा येतीस?" पोत्याच्या शेजारी तुरीची डाळ गेली, शेंगांची पिशवी गेली, वर लोणच्याची बरणी गेली. डिकीचं झाकण अण्णांनी गुडघा टेकवून लावलं.

गावच्या फाट्यावर हवा भरायला थांबलो. दुकानदाराने वाकून मागची चाकं पाहिली. "माल भरलाय का अण्णा? कडक मारतो."

"मार. चारीबी," अण्णा म्हणाले. आमच्याकडे हीच रीत. टेम्पो असो, जीप असो, माल भरला की चारी चाकांत हवा कडक.

सोलापूरच्या दिशेला लागलो तेव्हा अण्णा चालवत होते. चार पदरी रस्ता, ऊन तिरपं झालेलं. नव्वद ओलांडल्यावर ते एकदम ताठ बसले. "आली बघ." मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवत होते आणि गाडी लेनमध्ये तरंगल्यासारखी चालली होती. मला भीती वाटली, आणि वाटलं ते हेच की, झालं, हातच गेले यांचे. मी म्हटलं, "बाजूला घ्या, मी बघते."

मी वेग वाढवला आणि नव्वदला माझ्याही हातातून रस्ता गेला. दुसरं कसं सांगू, कळत नाही. चाक वळवत होते, ते वळत होतं, पण पुढे कुणी ऐकत नव्हतं. "अण्णा," मी म्हटलं, "हलकं आहे." त्यांनी खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसला. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्या गाडीत रडू आलं असतं.

पुढच्या धाब्यावर चहाला थांबलो. पाणी घेऊन येताना मी लांबून बेडकीकडे पाहिलं आणि घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं. शेपटीवर बसलेल्या कुत्र्यासारखी ती मागे दबली होती, नाक वर. मुळात इंजिन मागे, डिकी त्याच्याही मागे, आणि त्यात एवढं वजन. पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलेली, त्यात हवा अशी ठासून भरलेली की रबर धरणार तरी काय. पुण्यात होत नाही, जाताना होत नाही, फक्त गावाहून परतताना होतं, याचा अर्थ त्या पोत्यात होता.

पण खात्री करायला पोतं बाहेर काढायला हवं होतं. मी म्हटलं, मागे वळू, आत्याकडे ठेवू. अण्णा चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "तिचं पोतं परत न्यायचं? त्यापेक्षा माझे हात गेले म्हणून सांग सुधीरला." वर्षभर ज्या आरोपाने हा माणूस झुरत होता, तो बहिणीच्या पोत्यासाठी सरळ कबूल करायला तयार होता. शेवटी धाबेवाल्याला विचारलं, सामान तासभर ठेवाल का?

"काय हाय पोत्यात?" त्याने संशयाने विचारलं.

"ज्वारी."

"ज्वारी ठिवून कुठं निघालाव?"

"इथंच. जाऊन येतो." त्याने आम्हाला नीट बघून घेतलं आणि पोतं काउंटरमागे ठेवलं.

दाराच्या पत्र्यावर चाकांच्या हवेचे आकडे छापलेले असतात. जुनी गाडी घेऊन फिरणाऱ्यांनी ते एकदा वाचावेत, पुढचे आणि मागचे वेगळे असतात. पुढची हवा त्याप्रमाणे सोडली आणि त्याच पट्ट्यावर निघालो. आधी मी चालवली. नव्वद, शंभर, गाडी रुळावर असल्यासारखी. मग अण्णा बसले. मी निश्चिंत होऊन मान मागे टेकली होती.

पट्टा अर्धा झाला तेव्हा डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर चाक घासल्याचा आवाज आला. अण्णांनी गाडी आत घेतली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी हातांकडे पाहिलं. गाडीत आता काही दोष नव्हता आणि तरी हात स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवतच होते, तेही थोडं उशिराने. सवय लागली असेल, मी मनात म्हटलं. दोन वेळा म्हटलं. मागून ट्रकने हॉर्न दिला तो अण्णांना ऐकू यायला वेळ लागला.

धाब्यावर परतल्यावर ते आपण होऊन डाव्या बाजूला आले. "पोतं इथं पायाशी ठेव," म्हणाले. "पुढं वजन असलेलं बरं." बाकीच्या पिशव्या आणि बरणी डिकीत, पोतं त्यांच्या पायाखाली. गुडघे हनुवटीजवळ घेऊन हा माणूस त्या धाब्यापासून पुण्यापर्यंत बसला. इंदापूरला पिठलं-भाकरी खाल्ली, तेवढंच काय ते उतरले. वाटेत एकदा म्हणाले, "चांगली चालवतीस." एरवी मी या शब्दांवर आठवडाभर मिरवलं असतं.

घरी पोचून दोन दिवस झालेत, अंग अजून दुखतंय. परंड्याचा किल्ला पुन्हा पाहायचाय, या वेळी सकाळी. ज्वारी दळून आणली, भाकरी मऊ होतात. पण ही पोस्ट लिहायला बसले ते त्यासाठी नाही. काल सुधीरचा फोन आला. नेहमीप्रमाणे स्पीकरवर.

"मग, काय निघालं? गाडी का अण्णा?"

मी म्हणणार होते, गाडी. ते खोटंही नव्हतं. पण मला ती पांढरी पट्टी आठवली. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. आत आले, किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि फोनकडे वाकून म्हणाले, "दोन्ही रे. गाडीचं नीट झालं."