तापलेलं इंजन आणि आप्पांचा बोकड

मला बोलायला लावायचं आणि मग 'तात्या लई बोलतेत' म्हणायचं, ही आमच्या गावाची रीत हाय. चहाच्या टपरीवर टेकलो की कुणीतरी खडा टाकतंयच, "तात्या, ते इंजनाचं सांगा की." सांगून सांगून घसा बसला. सून म्हणली, "एकदाचं लिहून टाका, आमची बी सुटका हुईल." म्हणून लिहालाव. शाळा चौथीपातूर. चुकलं तर तोंड वाकडं करू नका. असले किस्से धरणातल्या गाळासारखे असतेत. कितीबी काढा, दरसाल वाढतेतच.

तर धरण झालं तवा गाव अलीकडं राहिलं आणि रानं पलीकडं गेली. सडकेनं जायचं तर अर्धा दिस वळशातच जातोय. म्हणून गावानं मिळून नाव घेतली, तिला मागं पेट्रोलचं इंजन बसवलं. दोरी वढली की चालू. ती दोरी माझ्या हातात दिली, कारण जुनी वल्ह्याची नाव मीच हाणत व्हतो. ह्या वयात माणसाच्या हातात दुसरं काय ऱ्हातंय? माझ्या हातात दोरी व्हती.

पयलं साल इंजन गुणानं वागलं. मग त्याला खोड लागली. गार असताना एका झटक्यात चालू. पलीकडं जाऊन बंद केलं, की तापलेलं इंजन पुन्हा चालू व्हायचं न्हाय. वढून वढून माझा खांदा उतरायचा. पार गार झालं की आपसूक चालू, जसं काय झालंच न्हाय.

* * *

आमच्या गावात खंडोबाचे जुने भगत हायत, महादू आप्पा. माझ्यापेक्षा दोन उन्हाळे मोठे, म्हणून अहो-जाहो करतो. त्यांनी दसऱ्याला इंजनाची पूजा केली. तेलात कालवलेला भंडारा टाकीच्या झाकणावर थापला आणि वर गूळ चेपला. पुढं इंजन अडायला लागलं, तसं दर रविवारी थापायला लागले. अडणं वाढलं की भंडारा वाढायचा. शेवटी झाकण दिसायचंच न्हाय, पिवळी ढेप दिसायची.

म्या म्हणलं, "आप्पा, हे इंजन हाय का नवरदेव?"

"तू दोरी बघ. देवाचं मी बघतो."

* * *

तामलवाडीचा गफूर मेस्त्री आणला. इंजन मुद्दाम तापवून ठेवलं. म्या घाम फुटेपातूर दोरी वढली. ढिम्म.

मेस्त्री म्हणला, "थांबा तात्या, आधी टाकीत तेल हाय का बघू." झाकण काढलं, आत डोकावला, झाकण लावलं, पिवळा झालेला हात माझ्याच टॉवेलला पुसला आणि दोरी वढली. एका झटक्यात चालू.

"तेल हाय की," म्हणला.

त्यो गेला आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच. पुन्हा आणला. पुन्हा आधी तेल बघितलं, पुन्हा एका झटक्यात चालू. तिसऱ्या खेपेला त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. "तात्या, ह्याला बिमारी न्हाय. ह्याला माणूस कळतंय. तुमी ह्याच्यावर खेकसता का?"

"खेकसतो."

"मग?" म्हणला आणि चहा पिऊन गेला.

* * *

मग म्या कायदा केला, पलीकडं इंजन बंद करायचंच न्हाय. चढणारानं चढायचं, उतरणारानं उतरायचं, बोलायचं असल तर वरडून बोलायचं.

त्यातच आप्पांच्या नातीला बघायला वाशीकडचे पाव्हणे आले. पलीकडनं नावंत घेतले. नवऱ्या मुलाचा बाप म्हणला, "जरा बंद करा की, दोन शब्द बोलू." म्या म्हणलं, "बंद केलं तर मुक्कामालाच ऱ्हावं लागंल." मग काय, अख्खी सोयरीक वरडून. जमीन किती वरडून, शिक्षण किती वरडून. पाव्हण्याचा गळा असा तापला की घरात पाटावर बसल्यावर बी आवाज उतरंना.

"मुलगी बोलकी हाय का?" असं गरजले की दारातली कुत्री उठली.

आतनं चुलीपासनं पोरगी तेवढ्याच जोरात म्हणली, "व्हय!"

तिथंच सुपारी फुटली. आता वाशीत त्यांचे शेजारी म्हणतेत, नवरा-बायकोचं भांडण चाललंय का गोडीत चाललंय, काय कळत न्हाय.

* * *

पण इंजन सारखं चालू ठेवायचं तर पेट्रोल परवडंना, कायदा मोडला. आमची मंडळी म्हणली, "तापलंय न्हवं? मग तापातल्या लेकरावानी करा. ओलं पोतं गुंडाळा." गुंडाळलं. तासाभरानं चालू झालं. मग रोजचा तोच इंतजाम. इंजनाला ओलं पोतं, वर छत्री, आणि बाया-माणसं रखरखत्या उन्हात वाट बघत बसलेली.

एक म्हातारी म्हणली, "जावयाचं बी कुणी एवढं करत न्हाय गं."

* * *

ती म्हातारी म्हणली आणि आप्पांना सुचलं. मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर म्हणले, "इंजनात दोष न्हाय. मेस्त्रीच्या हातानं चालू होतंय. दोष सोपानच्या हातात हाय. ह्या हाताला यशच न्हाय."

सोपान म्हंजी मी.

आमच्या मंडळीनं खाली बघितलं. ठरलं असं, की आप्पांनी अणदूरच्या खंडोबाला बोकड द्यायचा आणि येताना दोरी आप्पांच्या जावयानं धरायची. म्हंजी मला शेवटची फेरी, ती बी बोकडाला पोचवायची. त्या दिशी मला जेवण गेलं न्हाय.

* * *

रविवारी निघालो. आप्पा, जावई, बोकड आणि मी. सकाळीच आप्पांनी झाकणावर नवा थर दिलेला, गूळ जरा जास्तच.

आमचं जुनं खंडोबाचं देऊळ धरणाच्या पोटात गेलंय. नवस फेडायला निघालेला माणूस त्या जागेवर थांबून पाण्यात भंडारा सोडतोय, ही चाल हाय. मधोमध आलो तसे आप्पा म्हणले, "बंद कर."

म्या म्हणलं, "तापलंय, आप्पा."

"देवाला ऐकू जायला नको? बंद कर म्हणतो न्हवं."

केलं बंद. आप्पांनी भंडारा सोडला, गाऱ्हाणं घातलं. म्या दोरी वढली. ढिम्म. जावई पुढं सरकला, "सरा तात्या." त्यानं अशी वढली की हाताची साल निघाली. ढिम्म. आप्पांनी डोळे मिटले आणि मल्हारी मल्हारी सुरू केलं. जावई हात पाण्यात बुडवून बसला. नाव आपली गोल फिरालती.

बोकडाला मातूर गुळाचा वास लागलेला. त्यानं मान लांब केली आणि झाकण चाटायला लागला. गूळ गेला, तेल गेलं, भंडारा गेला. म्या हाकललं न्हाय. म्हणलं, मरणाऱ्यानं खावं गोडधोड. चाटून चाटून त्यानं झाकण लख्ख केलं आणि टाकीतनं बारीक आवाज आला, सुस्स.

वाकून बघितलं तर झाकणाला टाचणीच्या टोकाएवढं भोक. टाकीत हवा जायची वाट ती, दसऱ्यापासनं भंडाऱ्याखाली बुजलेली. मेस्त्री झाकण काढायचा तवाच काय ती हवा आत जायची.

म्या दोरी वढली. तापलेलं इंजन, माझा हात, एकच झटका. चालू.

आप्पांनी डोळे उघडले. म्होरं पिवळ्या तोंडाचा बोकड उभा आणि मागं इंजन चाललेलं. आप्पा नावंतच आडवे झाले, बोकडाच्या खुरावर डोकं टेकलं आणि इंजनापेक्षा मोठ्यानं म्हणले, "चुकलो रं देवा! तुला वळखलं न्हाय. नको नको ते बोललो, मला माफ कर."

नाव तिथनंच माघारी फिरली. दोरी माझ्याच हातात राहिली, जावई परत मागायला आला न्हाय. बोकड आप्पांच्या दारात बसून खातोय. दर रविवारी भंडारा त्याच्या कपाळाला लागतोय. त्याची माफी तर मागून झाली.

माझी अजून राहिलीय. कुणाकडनं म्हणता? महादू आप्पांकडनं.