नदीपल्याड जर्मनी

पळसदेवच्या मालनबाईला पाण्याची भीती कधी वाटलीच नाही. धरण झालं, जुनं गाव उजनीच्या पोटात गेलं, तेव्हा तिच्या कडेवर बुद्धभूषण होता. बाकीच्या बाया ऊर बडवत बसल्या, हिनं जाळं घेतलं. "जमीन नेली त्यानं, आता आपुन त्याचं मासं खाऊ," म्हणाली, आणि नवऱ्याला, गंगारामला, होडीत बसवलं. भिगवणच्या बाजारात तिच्या पाटीतल्या मरळीला हात लावण्याआधी भले भले दोनदा विचार करायचे, असा तिच्या तोंडाचा पट्टा.

पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधून गंगारामनं त्याला पाण्यात सोडलं. चालायच्या आधी तो पोहायला शिकला, असं गंगाराम सांगायचा. ती थाप असेल, पण पोरगा पाण्यातलाच होता हे खरं.

बुद्धभूषण आयटीआय झाला, बारामतीत एका वर्कशॉपला लागला. तिथंच त्याला आणि त्याच्या दोस्ताला, वरकुट्याच्या अविराजला, एक एजंट भेटला. जर्मनीत कारखान्यात काम, विमानानं मॉस्को, पुढं गाडी. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, पण वीस वर्षांच्या पोरांना तेवढ्यावरही ढेकर येते. पोरं गेली. सत्त्याण्णव साल नुकतंच लागलं होतं.

धाकटी अंजली कॉलेजात होती. तिनं नकाशा पसरून आईला समजावलं, की युरोपातल्या बऱ्याच देशांनी मिळून संघ केलाय, आपसातल्या सरहद्दी त्यांनी उघडल्यात, मात्र बाहेरच्या सरहद्दीवर पहारा वाढवलाय. दादा आता पोलंडात आहे, पोलंड त्या संघाच्या बाहेर. मधी नदी, नदीपल्याड जर्मनी.

"म्हंजी भावाभावांनी मधलं बांध मोडलं, आन् शिवंचा बांध उंच केला," मालनबाई म्हणाली. "आपल्याकडं बी आसंच करत्यात की."

बुद्धभूषणचा फोन भिगवणच्या एसटीडी बूथवर यायचा, बाजाराच्या दिवशी. माघ सरत आला होता तेव्हा आला तो शेवटचा. मालनबाई एकटीच होती.

"आई, दोन वाटा हायत. ट्रकात मालाखाली कोंबून नेत्यात, न्हायतर नदी पवून जायचं. काय करू?"

"ट्रकात गुदमरून मरशील. नदीनं जा. पाण्याला भ्यायचं न्हाय. उजनीचा हायस तू."

"पाणी लई गार हाय म्हंत्यात."

"उडी मारली की अंग आपोआप तापतंय."

उजनीत हे खरंच आहे. माघातल्या पहाटेसुद्धा पहिल्या बुडीला काटा येतो, चार हात मारले की ऊब येते. आयुष्यभर तिनं हेच पाणी पाहिलं होतं. काठाला बर्फ धरणारं, पट्टीच्या पोहणाऱ्याचे हातपाय मधोमध आखडून टाकणारं पाणीही जगात असतं, हे त्या माउलीला कोण सांगणार? ती लेकाला ठाऊक तेच सांगत होती.

पुढं फोन आला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला अविराज आला, तो घरी न जाता आधी पळसदेवला. त्याला पोहता येत नव्हतं म्हणून तो ट्रकात बसायचा होता, त्याआधीच पकडला गेला आणि परत पाठवला गेला.

"तात्या, पोलिसांनी फोटो दावला मला," तो गंगारामला म्हणाला. "भूषणच व्हता. पल्याडच्या काठाला घावला. कागद न्हवतं त्याच्यापाशी, तितंच पुरलं."

जित्या माणसाला बंद असलेली शीव मेलेल्याला उघडली. असल्या शहाणपणाला काय म्हणावं?

गंगाराम पोराच्या नावानं जलदान विधी करायचं म्हणाला. मालनबाई नाही म्हणाली. नातेवाईक समजावून थकले, अंजली रडली. मालनबाईनं मासळीची पाटी उपडी घातली ती घातलीच, आणि धरणाकडं पाठ करून बसू लागली. लोक म्हणाले, बाईनं मरण मानलंच नाही. मानलं होतं, त्यानंच तर ती आतून मोडली होती.

शेवटी एका दुपारी गंगाराम जाळं सांधत असताना ती बोलली. "अवो, त्यो मला इचारत व्हता. म्याच म्हणलं, नदीनं जा. माझ्या सबदानं गेलं लेकरू. मी कुठल्या हातानं त्याला पाणी देऊ?"

गंगारामचे हात थांबले. जाळं त्यानं खाली ठेवलं. मग म्हणाला, "पवायला तर म्या शिकवलं व्हतं, मालन."

दोघं तिथंच बसून रडली. इतके दिवस एकाच घरात दोघांनी वेगवेगळं रडून घेतलं होतं.

रविवारी विधी झाला. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढं बुद्धभूषणचा फोटो ठेवला. बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील घेतलं, मग फोटोसमोरच्या वाटीत पाणी सोडायला आईला पुढं बोलावलं. मालनबाईनं तांब्या उचलला. माठातलं पाणी होतं, तांब्या बाहेरून ओलावला होता. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि तशीच थांबली.

"सोडा, मालनबाई," बौद्धाचार्य हळू म्हणाले.

तिनं मान हलवली, तांब्या अंजलीच्या हातात दिला.

"गार हाय गं," ती म्हणाली. "जरा कोमट करून आण."